भंगारातून उचललेला प्रकाश

जुना संगणक भंगारात देताना त्यातल्या डीव्हीडी रायटरला लोखंडाच्या भावापलीकडे कोणी काही देत नाही. पण देण्याआधी तळाचे चार स्क्रू काढून तो एकदा उघडून पाहा. आत दोन चकचकीत पोलादी दांड्यांवर सरकणारी एक छोटी गाडी असते. तिच्या बाजूला आटे पाडलेली बारीक दांडी, त्या दांडीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी मोटर, आणि गाडीच्या मधोमध डाळीच्या दाण्याएवढं भिंग. भिंगावर हलकी फुंकर घातली तरी ते थरथरतं, कारण ते कशावर टेकलेलंच नसतं. केसासारख्या चार तारांवर ते अधांतरी धरलेलं असतं. शेजारच्या वेटोळ्यांतून वीज गेली की चुंबकांच्या ओढीने ते वरखाली आणि आडवं सरकतं. एवढा नाजूकपणा कशासाठी? डीव्हीडीवर शेजारशेजारच्या दोन रेघांमध्ये फक्त ०.७४ मायक्रोमीटरचं अंतर असतं म्हणून. एका मिलिमीटरात अशा साडेतेराशे रेघा मावतात, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या तबकडीवर त्यातली आपली रेघ हे भिंग सोडत नाही.

असे दोन रायटर हाती आले तर लाकडावर, पुठ्ठ्यावर प्रकाशाने कोरणारं यंत्र घरच्या टेबलावर उभं राहू शकतं. एका रायटरची गाडी खाली आडवी ठेवायची. तिच्यावर कोरायचा तुकडा बसतो आणि पुढेमागे सरकतो. दुसऱ्याची गाडी वर उलटी टांगायची. ती डावीउजवीकडे सरकते आणि तिच्यावर लेझर बसतो. लेझरही त्याच रायटरातला, तबकडीवर लिहिणारा तांबडा डायोड. कोरायला जागा मिळते जेमतेम चार सेंटिमीटर लांब-रुंद. पण त्या एवढ्याशा चौकोनात जे घडतं, ते मला आजही थक्क करतं.

थक्क करतं ते अशासाठी की त्या डायोडमध्ये ताकद जवळजवळ नाहीच. त्यातून फार तर पाव वॉट प्रकाश बाहेर पडतो. खोलीतला नऊ वॉटचा एलईडी बल्ब याच्या दहापटीहून जास्त प्रकाश देतो, आणि त्या बल्बने साधा कागदही कोमट होत नाही. मग लाकूड जळतं कसं?

थोडा हिशेब मांडू. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला प्रत्येकाला आठवत असेल. पाच सेंटिमीटर रुंदीचं आणि दहा सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग भर दुपारी साधारण दोन वॉट ऊन गोळा करतं. पण सूर्य आकाशात बिंदू नाही, चकती आहे; त्यामुळे भिंगाखाली पडणारी त्याची प्रतिमाही चकतीच असते, सुमारे ०.९ मिलिमीटर रुंदीची. तिच्यात दर चौरस मिलिमीटरला तीन वॉटच्या आसपास तीव्रता येते. तेवढ्याने कागद पेटतो. आता अर्ध्या वॉटचा लेझर घ्या, म्हणजे एकूण प्रकाश भिंगाच्या चौथाई. पण हा अर्धा वॉट ०.१ मिलिमीटर लांबीरुंदीच्या ठिपक्यात उतरवता येतो. तिथे दर चौरस मिलिमीटरला ५० वॉट होतात. खुद्द सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६३ वॉट बाहेर पडतात. भंगारातल्या चिमुकल्या तुकड्याच्या भाऊबंदाने टेबलावर उभं केलेलं तेज सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जातं. आणि पाच वॉटचा निळा डायोड तेवढ्याच ठिपक्यात उतरवला, तर तो आकडा सूर्याच्या आठपट होतो.

सूर्यप्रकाशाने हे कधीच साधत नाही. भिंग कितीही मोठं करा, आरसे कितीही लावा, उन्हातून सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तेजाचा ठिपका काढता येत नाही. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाला निसर्गाने घातलेली ती मर्यादाच आहे. लेझरचा प्रकाश तापून निघत नाही, म्हणून तो या मर्यादेत बसत नाही.

तो निघतो कसा, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये कागदावर मांडलं होतं. ऊर्जा साठवून बसलेल्या अणूजवळून प्रकाशाचा एक कण गेला, तर तो अणू आपली ऊर्जा सोडताना हुबेहूब तसाच दुसरा कण सोडतो: तीच तरंगलांबी, तीच दिशा, तीच लय. एकाचे दोन, दोनाचे चार. दोन्ही बाजूंना आरसे ठेवले की हे कण येरझाऱ्या घालत आपली संख्या वाढवत राहतात. बल्बचा प्रकाश म्हणजे जत्रेतून पांगणारी गर्दी. लेझरचा प्रकाश म्हणजे टाळाच्या एकाच ठेक्यावर पावली टाकणारी दिंडी. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मालिबू इथे थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला, आणि दोनच वर्षांत अर्धवाहक स्फटिकातूनही लेझर निघू लागला. रायटरमधला डायोड त्याच वंशातला. त्याचा स्फटिक वाळूच्या कणाएवढा, आणि त्याला वेगळे आरसेही लागत नाहीत. नीट तोडलेल्या स्फटिकाच्या दोन कडा हेच त्याचे आरसे.

या आरशांवर काय वेळ येते ते डायोड मेल्यावर कळतं. थोडा जास्त प्रवाह गेला, किंवा नायलॉनच्या सतरंजीवरून चालत येऊन कोणी त्याच्या पायांना हात लावला आणि अंगातली स्थिर वीज त्यात उतरली, की ती कड क्षणात भाजून निघते. त्यानंतरही डायोड पेटतो, छान तांबडा दिसतो, पण जाळत मात्र काही नाही. लेझर संपलेला असतो, उरलेला असतो एक महागडा एलईडी. म्हणून त्याला बॅटरी थेट कधीच जोडायची नाही. प्रवाह ठरलेल्या मापाबाहेर जाऊ न देणारं छोटं सर्किट मध्ये लागतं. एलएम३१७ नावाची साधी आयसी आणि एक रेझिस्टर एवढ्यावर ते होतं: १.२५ ला रेझिस्टरच्या ओहमने भागा, आलेलं उत्तर म्हणजे अँपिअर. सव्वासहा ओहम लावले तर २०० मिलिअँपिअर.

तांबड्या डायोडने काळा पुठ्ठा, कॉर्क, गडद रंगाचं मऊ लाकूड कोरता येतं. पांढऱ्या कागदावर त्याची डाळ शिजत नाही, कारण पांढरा रंग तो प्रकाश परत फेकतो. लाकडाशी खरी गट्टी जमते ती निळ्या प्रकाशाची. हा निळा प्रकाश मिळवायला जगाला फार वाट पाहावी लागली. जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकावर वर्षानुवर्षं काम करून आधी तेजस्वी निळा एलईडी आणि मग १९९६ च्या सुमारास निळा लेझर डायोड साकारला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पुढे काही प्रोजेक्टरांनी बल्बऐवजी ४४५ नॅनोमीटरचे निळे डायोड वापरायला सुरुवात केली, ते कारखान्यांतून भरभरून निघू लागले, आणि हौशी माणसांना एका डायोडमधून कित्येक वॉट प्रकाश परवडू लागला.

आता खिशाचं बोलू. दोन भंगार रायटर, आर्डुइनो उनोचा स्वस्त बोर्ड, दोन मोटर-ड्रायव्हर आणि एक अॅडॉप्टर, एवढं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हिंडलं तर साधारण दोन हजारांत बसतं. डोळे वाचवणारा चष्मा त्यात धरलेला नाही. त्याचं पुढे सांगतो. मोठं यंत्र हवं असेल, म्हणजे घराच्या नावाची पाटी मावेल असं, तर अॅल्युमिनियमचे बार, बेल्ट, मोठ्या स्टेपर मोटर आणि तयार निळं मॉड्यूल घ्यावं लागतं. मग खर्च दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. त्यात निम्म्याहून जास्त वाटा लेझरचा. इथे एक जपायला हवं. जाहिरातीत ‘४० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं, पण तो बहुतेक वेळा मॉड्यूल खात असलेल्या विजेचा आकडा असतो. बाहेर पडणारा प्रकाश पाच वॉटच निघू शकतो. दुकानदाराला ऑप्टिकल पॉवर विचारा, आणि उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

मोटरींचं काम पाहायला मला लेझरइतकंच आवडतं. स्टेपर मोटर गरगर फिरत नाही, पावलं टाकते. नेहमीच्या मोठ्या स्टेपरची एका फेरीत २०० पावलं. ड्रायव्हर तिच्या दोन वेटोळ्यांतला प्रवाह थोडाथोडा कमीजास्त करून एकेका पावलाचे १६ भाग पाडतो. झाली ३,२०० पावलं. तिच्यावरच्या २० दातांच्या पुलीवर २ मिलिमीटर अंतराच्या दातांचा बेल्ट बसतो, म्हणजे एका फेरीत गाडी ४० मिलिमीटर सरकते. भागाकार करा: एक सूक्ष्म पाऊल ०.०१२५ मिलिमीटरचं. केसाच्या जाडीचा साधारण सहावा भाग. बेल्टचा ताण आणि सांध्यांची ढिलाई यांत त्यातलं थोडं हरवतं, तरी हाताने आवळलेल्या नटबोल्टांवर उभ्या असलेल्या यंत्राकडून ही अपेक्षा करता येते, याचंच नवल.

आणि हे सगळं यंत्र आंधळं आहे. गाडी कुठे आहे हे त्याला दिसत नाही. ‘उजवीकडे ८०० पावलं’ असं सांगितलं की ते मोजून ८०० टाकतं आणि पोहोचलो असं मानतं. वाटेत वायर अडकून मोटर दोन पावलं चुकली, तर त्याला पत्ताही लागत नाही. तिथून पुढचं सगळं चित्र तेवढ्याने सरकलेलं येतं. म्हणून दांड्यांना तेल, बेल्टला योग्य ताण आणि वायरींना मोकळी वाट या तीन गोष्टींवर वेळ घालवावा. महागडा बोर्ड घेऊन ही कसर भरून निघत नाही.

पावलं मोजणारा मेंदू म्हणजे आर्डुइनोवरची चिप. तिची तात्पुरती स्मृती दोन किलोबाइट. युनिकोडमधल्या मराठी मजकुराचं एक छापील पानही त्यात मावणार नाही. तेवढ्याशा स्मृतीवर चालेल असा जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये लिहिला आणि जगाला फुकट दिला. पुढे इतरांनी तो घासूनपुसून आणखी चांगला केला. संगणकाकडून त्याला जी-कोड मिळतो, म्हणजे ‘इतक्या वेगाने सरळ रेषेत अमुक ठिकाणी जा’, ‘लेझर इतका लाव’ असे एकेका ओळीचे हुकूम. जीआरबीएल पुढच्या सोळा हालचाली आधीच वाचून ठेवतो, कुठे वळण येणार ते पाहून गाडीचा वेग कमीजास्त ठरवतो आणि सेकंदाला ३०,००० पर्यंत पावलांचे इशारे न अडखळता देतो.

त्यातली एक युक्ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कोपऱ्यावर वळताना गाडीला हळू व्हावंच लागतं. लेझर तेवढाच जळत राहिला तर कोपऱ्यावर उष्णता साचते आणि प्रत्येक वळणावर काळा डाग पडतो. ‘एम४’ हा हुकूम दिला की प्रोग्रॅम गाडीच्या प्रत्यक्ष वेगाच्या प्रमाणात लेझरची ताकद कमीजास्त करतो: वेग निम्मा झाला की ताकदही निम्मी. तोच चौकोन ‘एम३’ने आणि ‘एम४’ने शेजारी शेजारी कोरून पाहा. पहिल्या चौकोनाचे कोपरे भाजलेले दिसतात, दुसऱ्याचे कागदावर छापल्यासारखे.

मराठी अक्षरं कोरायची असतील तर एक गोष्ट माहीत असायला हवी, जी इंग्रजी माहितीत सापडत नाही. समजा ‘सावली’ हा शब्द टाइप करून त्याची बाह्यरेषा काढली. रोमन अक्षरं सुटीसुटी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर किंचित चढलेली असतात. पडद्यावर ते कळत नाही. यंत्र मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी समजतं, आणि शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर कापल्यासारखी उभी रेघ कोरतं. आतला भाग भरून कोरायला सांगितलं तर काही प्रोग्रॅम त्या चढलेल्या पट्ट्या कोऱ्याच सोडतात आणि शिरोरेषेत पांढरे तुकडे दिसतात. उपाय सोपा आहे: इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांचं पाथमध्ये रूपांतर करा, ती निवडा आणि ‘युनियन’ करा. सगळा शब्द एकसंध होतो. याच शिरोरेषेचा फायदाही मोठा आहे. पातळ प्लायमधून रोमन शब्द कापून काढला तर अक्षरं सुटी होऊन पडतात; ‘सावली’ मात्र अख्खी एका तुकड्यात हातात येते, शिरोरेषेला धरून. शब्दात अनुस्वार असेल तर त्याचं टिंब तेवढं वेगळं चिकटवावं लागतं.

लाकूड कोरलं जातं तेव्हा काय होतं? पाच वॉटचा ठिपका मिनिटाला १,००० मिलिमीटर वेगाने जात असेल, तर ०.१ मिलिमीटरच्या एका जागेवर तो जेमतेम सहा मिलिसेकंद थांबतो. लाकूड उष्णता इतकी सावकाश पसरवतं, की तेवढ्या वेळात ती केसाच्या जाडीपलीकडे जात नाही. ठिपक्याखालच्या तंतूंची वाफ आणि कोळसा होतो, शेजारच्या तंतूंना झळ लागेपर्यंत प्रकाश पुढे गेलेला असतो. रेघ रेखीव येते ती यामुळे. फळांच्या पेट्यांचं पाइन कोरून पाहिलंत तर त्यात आणखी एक गंमत दिसेल: झपाट्याने वाढलेल्या मऊ कड्या खोल जळतात, सावकाश वाढलेल्या टणक कड्या उंच राहतात, आणि तुमच्या अक्षरातून झाडाची वर्षं डोकावतात.

उष्णता पसरण्याच्या याच कारणामुळे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याचं आपल्याकडचं काम या यंत्राला जड जातं. भांड्याच्या दुकानातलं ते घूंऽऽ करणारं यंत्र सुईच्या ठोक्यांनी धातू खरवडतं, आणि ते काम तेच उत्तम करतं. चकचकीत स्टील निळा प्रकाश बराचसा परत फेकतं, आणि शोषलेली उष्णता लाकडाच्या साधारण शंभरपट सहजतेने वाहून नेतं. चिनी मातीच्या पांढऱ्या टाइलवर मात्र एक सुंदर युक्ती चालते. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा रंग मारायचा, वाळला की फोटो कोरायचा आणि उरलेला रंग धुऊन काढायचा. लेझर जिथून गेला तिथे काळी रेघ टाइलला कायमची चिकटलेली असते.

पारदर्शक अॅक्रिलिकमधून निळा प्रकाश काचेतून जावा तसा आरपार जातो. तिथे कार्बन डायऑक्साइडचा लेझर लागतो. त्याची १०.६ मायक्रोमीटरची अदृश्य उष्ण किरणं अॅक्रिलिक, काच, लाकूड सगळे गिळतात. गावोगावी ट्रॉफ्या आणि पाट्या कापणाऱ्या दुकानांतली काचेची नळी ती हीच. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, १९३८ चा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे नाव ठळकपणे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. घरगुती प्रयोगात मात्र ही नळी नको. तिला हजारो व्होल्ट लागतात. जवळून पाहायचं असेल तर पाबळच्या विज्ञान आश्रमात जा. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’ कार्यशाळांपैकी एक तिथे २००२ मध्ये सुरू झाली, आणि गावातली मुलं अशी यंत्रं हाताळत तिथे शिकतात.

आता चष्मा. अर्ध्या वॉटच्या वरचा प्रत्येक लेझर सर्वांत धोकादायक अशा चौथ्या वर्गात मोडतो. टेबलावर ज्या ठिपक्याने लाकूड जळतं, तसाच ठिपका डोळ्याचं भिंग स्वतःच दृष्टिपटलावर तयार करतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. दृष्टिपटल त्याआधीच जळलेलं असतं, आणि ते परत उगवत नाही. थेट किरणच नाही, खिळ्याच्या चकचकीत डोक्यावरून उडालेला किरणही पुरतो. साधा गॉगल निरुपयोगी आहे. चष्म्यावर तुमच्या डायोडची तरंगलांबी, म्हणजे निळ्यासाठी ४४५, आणि ओडीचा आकडा छापलेला हवा. ओडी ५ म्हणजे प्रकाशाचा लाखावा भाग आत येतो. मॉड्यूलसोबत फुकट आलेल्या, आकडा नसलेल्या चष्म्यावर डोळे सोपवू नका. घरात मुलं, मांजर असतील तर यंत्राला झाकण असलेली पेटीच हवी. धूर बाहेर काढणारा पंखा हवा. रेक्झिन आणि पीव्हीसी कधीही कोरू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसं जाळतो आणि यंत्रही गंजवतो. आणि लेझर चालू असताना उठून चहा करायला जाऊ नका. पाच वॉटमध्ये घर पेटू शकतं.

बनवायला घ्याल तेव्हा लेझर सर्वांत शेवटी लावा. आधी गाडीवर रबरबँडने एक पेन बांधा आणि कागदावर वर्तुळ काढायला सांगा. वर्तुळ जिथे सुरू झालं तिथेच येऊन मिळालं, म्हणजे मोटरी, बेल्ट आणि हिशेब जमले. मिळालं नाही तर दोष शोधा. कागद फुकट गेला, दुसरं काही नाही. वर्तुळ नीट यायला लागलं की चष्मा मागवा, आणि तो हातात आल्यावरच लेझरला वीज जोडा.